सांबरकोंडचं धुकं

माझं काम धुराला वाट दाखवायचं. कोणी विचारलं की मी असंच सांगते, कारण ‘जिल्हा धूर-नियोजन कक्षातील प्रतिमा विश्लेषक’ असं म्हटलं की समोरचा माणूस जांभई दाबतो. कक्ष म्हणजे रत्नागिरीतल्या एका जुन्या सरकारी इमारतीचा दुसरा मजला, चार मोठे पडदे, एक कुरकुरणारा एसी, मी आणि खानविलकर सर. सर माझे वरिष्ठ. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल.

कोकणात भाताची रोपं जिथे पेरायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा आणि तोडलेल्या डहाळ्या पसरतात, वर माती टाकतात आणि पेटवून देतात. ही भाजावळ. तण मरतं, राखेचं खत होतं, रोप जोमानं येतं. माझ्या आजीच्या आजीपासून हे चाललेलं आहे. पण आता उन्हाळा लवकर येतो आणि रान कागदासारखं वाळतं. काही वर्षांपूर्वी एका दुपारी अशाच एका भाजावळीची ठिणगी वाऱ्यानं उचलली आणि तीन गावांच्या काजूबागा गेल्या, गोठ्यात बांधलेली जनावरं गेली. धूर आठवडाभर शहरावर बसून होता. सरकारनं भाजावळीवर बंदी घातली, लोकांनी ती कानाआड केली, आणि शेवटी सरकारनं शहाणपणा करून आमचं यंत्र आणलं. त्याचं नाव धूरवाट.

यंत्र डोक्यानं हुशार आहे, ते मी नाकारणार नाही. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर एक उपग्रह आमच्या माथ्यावर टांगल्यासारखा स्थिर असतो आणि दर काही मिनिटांनी खालचा फोटो पाठवतो. धुराचे कण बारीक, ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. धुळीचे कण जाड, ते उष्णतेच्या किरणांत वेगळे दिसतात. त्यामुळे अरबस्तानातून उडालेली धूळ कुठली आणि लांज्याच्या शेतातला धूर कुठला, हे यंत्र चटकन सांगतं. एकच गोष्ट त्याला नीट कळत नाही. वरून बघणाऱ्याला धूर किती ते दिसतं, तो किती उंचीवर आहे ते दिसत नाही. आणि पहाटे दरीत साचलेला धूर आणि धुकं यांत तर त्याची हमखास गल्लत होते, कारण दोन्ही पांढरी आणि दोन्ही उन्हं चढली की विरतात.

मग वाऱ्याचं गणित. कुठल्या शेतात कधी पेटवलं तर धूर कुठे जाईल, याचे हजारो खेळ यंत्र रात्रभर खेळतं आणि प्रत्येक खेळाचा श्वासभार काढतं. श्वासभार म्हणजे धूर किती, तो किती वेळ राहिला आणि तो किती माणसांच्या नाकात गेला, यांचा गुणाकार. ज्या खेळात हा गुणाकार सगळ्यात कमी, तो खेळ खरा करायचा. शेतकऱ्याच्या फोनवर मंजुरी येते, उद्या पहाटे पेटवा. माणसं कुठे किती आहेत, हे यंत्र फोनवरून मोजतं. जनगणना जुनी झालेली, अर्धं कोकण मुंबईला, घरांना कुलपं. फोन मात्र माणसाबरोबर फिरतो, म्हणून फोन मोजा, असं ठरलं. मलाही ते पटलं होतं. पहिल्या वर्षी शहरातल्या दवाखान्यांत दम्याचे रुग्ण निम्म्यावर आले आणि मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामाचा अभिमान वाटतोय.

माझं माहेर सांबरकोंड. चारी बाजूंनी डोंगर आणि तळाशी दहा-बारा घरं. धुराचा कण मोजणारा उपग्रह माथ्यावर टांगलेला आहे, पण सांबरकोंडात फोन लागत नाही. तिथल्या लोकांनी त्यावर आपला उपाय काढलाय. डोंगरावर सड्याला, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, हमीदचाचांचं दुकान आहे. तिथे रेंज मिळते. दुकानाच्या पडवीत ओळीनं खिळे मारलेत आणि कोंडातल्या, म्हणजे खालच्या वस्तीतल्या, प्रत्येकाचा फोन कापडी पिशवीत घालून आपापल्या खिळ्याला टांगलेला असतो. खाली नेऊन करायचं काय त्याचं? वाजला की हमीदचाचा उचलतात, निरोप घेतात आणि जो कोणी खालून मीठ-मिरची न्यायला येईल त्याच्याकडे देतात. कोणाचा फोन कुठला ते त्यांना नुसत्या सुरावरून कळतं. माझी आई शेवंती घडशी आठवड्यातून दोनदा वर चढायची आणि पडवीत बसून माझ्याशी बोलायची.

मार्चमध्ये ती बोलता बोलता म्हणाली, ‘बाय, यंदा धुकं लय बसतंय. पार जेवनयेळेपर्यंत हालत नाय. नि त्याला वास येतो.’

मी विचारलं, कसला वास.

‘जळकट.’

मी तिला म्हटलं की तू चुलीपुढे बसून बसून तुला सगळ्याचाच तो वास येत असेल, आणि डॉक्टरांनी दिलेला पंप वेळेवर घेत जा. तिची छाती जुनी दुखरी. त्यानंतर ती वर यायची कमी झाली. हमीदचाचा सांगायचे की तुझी आई मधल्या वळणावर चारदा बसते, म्हणून मीच तिला येऊ नको म्हटलं. मी दर रविवारी ठरवायचे, या वेळी जायचंच, आणि दर रविवारी काहीतरी निघायचं.

एप्रिलमध्ये पडद्यावर समुद्राच्या पलीकडून एक पिवळट पट्टा सरकायला लागला. अरबस्तानातली धूळ. असे पट्टे हल्ली दरसाल येतात, पण हा जाड होता आणि सरळ आमच्याकडे निघाला होता. यंत्रानं सांगितलं, परवा संध्याकाळी किनाऱ्याला लागेल आणि दोन आठवडे तरी बसेल. धूळ असताना वर धूर चढवायचा नाही हा नियम, आणि दोन आठवड्यांनी वारे उलटे, म्हणजे भाजावळ राहिलीच. तालुक्यात साडेतीनशे शेतं अजून बाकी होती. वरून आदेश आला, धूळ पोचायच्या आधी एका पहाटेत सगळी उरकून टाका.

यंत्रानं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर काढलं. सर टाळी वाजवायचेच राहिले होते. इतका कमी श्वासभार आम्ही कधी पाहिला नव्हता. युक्ती सोपी होती. पहाटे उतारावरची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी दरीत उतरते. वर उबदार हवेचं झाकण बसतं. आसपासच्या डोंगरांवर त्या वेळी पेटवलं की धूर आपोआप खाली उतरून दरीत मुरतो आणि उन्हं तापून झाकण फुटेपर्यंत तिथेच राहतो. नंतर तो उंच चढून घाटापलीकडे विरून जातो. म्हणजे कोणाच्याच नाकात जात नाही. फक्त एक रिकामी दरी हवी, आणि यंत्राला ती सापडली होती.

सांबरकोंड खोरे. लोकसंख्या शून्य.

त्याच्या शेजारी, वर सड्यावर, लाल ठिपका होता. दाट वस्ती, धुरापासून जपावे. मी आधी हसले. हमीदचाचांची पडवी आमच्या यंत्राला गाव वाटत होती. मग मार्चपासूनच्या मंजुऱ्या मी उघडल्या आणि त्यांतल्या कितीतरी पहाटे धूर याच दरीत सोडलेला होता. प्रत्येक सकाळच्या फोटोत दरी पांढरी होती आणि प्रत्येक फोटोवर यंत्रानं लिहिलं होतं, धुकं. ते फोटो तपासून पुढे पाठवणारी मीच होते. आई मला वासासकट सांगत होती आणि मी तिला चूल सांगत होते.

सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले की लोकसंख्या बदलायची तर तहसीलदाराचं पत्र लागतं आणि ते आज मिळणार नाही. थांबवायचं तर कलेक्टरला काय सांगू? उद्या मंजुरी दिली नाही तर हीच माणसं भरदुपारी, वारा उठल्यावर, आपापली पेटवतील आणि वणवा लागेल. त्यांचं हे म्हणणं खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. मी विचारलं, तुमची आई तिथे असती तर?

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, ‘तर मी तिला घेऊन आलो असतो, प्रणिता. जा तू. मंजुऱ्या मी पाठवतो.’

मी आईचा फोन लावला. हमीदचाचांनी उचलला. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना वर बोलवा म्हटलं, तर ते म्हणाले, पोरी, धुराला भिऊन कोण घर सोडतं? सगळा जन्म धुरात गेलाय त्यांचा. वणवा म्हटलं तर येतील. पण वणव्याची खोटी हाक मी देणार नाही, तेच पुढे म्हणाले, त्या हाकेवर माणसं जीव टाकून धावतात. त्यांचंही खरं होतं. मी स्कूटर काढली.

सड्यावर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. चाचा दुकान उघडं टाकून माझ्याबरोबर पायवाटेनं खाली आले, गुडघा दुखत असतानाही. कोंडातली माणसं अंगणात जमली. मी त्यांना उपग्रह सांगितला, झाकण सांगितलं, दरी कशी भरेल ते सांगितलं. सगळे माझ्याकडे माहेरवाशिणीकडे बघावं तसं कौतुकानं बघत होते आणि कोणाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. शेवटी मी म्हटलं की सरकारच्या कागदावर तुम्ही इथे राहतच नाही, म्हणून साडेतीनशे शेतांचा धूर उद्या इथे सोडणार आहेत.

त्यावर कोणी रागावलं नाही. दोन-तीन बायका हसल्या. आमचे पुढारी मतं मागायला बरे खाली उतरतात, असं कोणीतरी म्हणालं. पण हसू लवकर संपलं, कारण मार्चपासून जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी खोकत होतं आणि ते धुक्याच्या माथी मारून सगळे गप्प होते. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग चाचा बोलले. त्यांनी एवढंच सांगितलं की पोरगी शिकलेली आहे म्हणून ऐकू नका, ती एवढ्या लांबून स्कूटरवर आलीय, तिचा चेहरा बघा आणि मग ठरवा.

पहाटे अंधारात आम्ही निघालो. गुरं पुढे, मुलं पाठीवर, पाण्याच्या कळश्या. आईनं तिची भाजायची जागा आदल्या दिवशीच रचून ठेवली होती आणि ती पेटवल्याशिवाय येणार नाही म्हणून हटून बसली होती. ते ढीग तसेच टाकून तिला उठवायला मला तिच्या पाया पडावं लागलं. तिला चालवेना. चौघांनी चादरीची झोळी करून ती बांबूला टांगली आणि आईला उचललं. वळणावळणावर थांबत होतो, आणि प्रत्येक वेळी ती झोळीतून विचारायची की गोठ्याची कडी लावली ना. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी तिचा हात धरून चालत होते आणि मनात एकच, आपल्याला उशीर झाला तर.

झाला नाही. आम्ही कातळावर पोचलो आणि उजाडायला लागलं. समोरच्या डोंगरांवर एकेक करत जाळ दिसू लागले, इकडे पाच, तिकडे वीस, मग मोजणं सुटलं. धूर वर गेलाच नाही. तो उताराला लागला आणि चारी बाजूंनी दरीत ओतला गेला, अगदी यंत्रानं सांगितला तसा. आधी ओढा दिसेनासा झाला. मग घरं, मग देवळाचा कळस, मग माडांचे शेंडे. आमच्या पायांखाली कडेपर्यंत भरलेली पांढरी दरी होती, आणि सड्यावरची हवा मात्र स्वच्छ. वर एक कण आला नाही. इथे दाट वस्ती होती ना.

एक म्हातारा खाली बसला आणि त्यानं टोपी काढली. आईला मी पंप दिला. तिचा श्वास खाली बसायला दुपार झाली, आणि तोपर्यंत खाली घरं पुन्हा दिसायला लागली होती, काळपट झालेली. बंद गोठ्यात राहून गेलेल्या कोंबड्या मेल्या होत्या. आणि धूळ ठरल्या वेळी आली. त्या संध्याकाळी सूर्य मातकट झाला.

पुढच्या आठवड्यात कक्षाचा अहवाल निघाला. साडेतीनशे शेतं, एक पहाट, बाधित व्यक्ती शून्य, तक्रार एकही नाही. सांबरकोंडात माणसं नव्हती, हे त्या पहाटेपुरतं मीच खरं करून ठेवलं होतं. सरांचा मुंबईत सत्कार झाला आणि परत येऊन त्यांनी माझ्या टेबलावर पेढे ठेवले. ते त्यांनी मनापासून ठेवले होते, म्हणून मला जास्त राग आला. मी पेढे परत केले आणि म्हटलं, आता मी तो आकडा बदलून घेणार.

त्याला पावसाळा गेला आणि दिवाळी गेली. तहसीलदार म्हणाले ग्रामसभेचा ठराव आणा. ग्रामसभा म्हणाली तलाठ्याचा दाखला आणा. तलाठी म्हणाला फोन तर सड्यावर आहेत, मग माणसं खाली कशी? शेवटी मी त्याला पायवाटेनं खाली उतरवला, घरोघर फिरवला, प्रत्येक अंगणात चहा पाजला. परत चढताना तो चारदा बसला. सदतीस माणसं, असं त्यानं लिहून दिलं. त्या दिवशी आई इतकी खूश होती की तलाठ्याबरोबर तिनं दोन नारळ पाठवले.

फेब्रुवारीत हंगामाची तयारी सुरू झाली. सर माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. मी सांबरकोंड खोरे उघडलं, शून्य खोडलं आणि सदतीस भरले. यंत्राला पुन्हा खेळ खेळायला लावले. दोघंही पडद्याकडे बघत होतो. मला आठवतं, मी देवाचं नाव घेत होते.

यंत्रानं तीच दरी दिली. तोच उतार, तीच पहाट. नवीन आकडा त्यानं मुकाट्यानं गुणाकारात घेतला होता. दुसरी वाट धरली असती तर धूर नऊ हजार माणसांच्या गावावर जात होता, तिसरी धरली असती तर शहरावर, इस्पितळावरून. यंत्राच्या हिशेबात कुठे चूक आहे का, म्हणून मी पुन्हा पुन्हा शोधलं. चूक नव्हती. नऊ हजारांपुढे सदतीस म्हणजे जवळजवळ शून्यच.

सर हळू आवाजात म्हणाले की त्या दिवसांत आपण गाडी पाठवू, सगळ्यांना वर एखाद्या शाळेत ठेवू, जेवण देऊ. किती पहाटे, मी विचारलं. त्यांनी पडद्यावर पाहून सांगितलं, वीस-एक तरी. मंजुरीवर माझी किंवा सरांची सही लागते. मी करणार नाही म्हटलं. त्यांनी जबरदस्ती केली नाही. खुर्ची पुढे ओढली आणि स्वतः केली. नऊ हजार माणसांपैकी एकही मला ओळखीचा नव्हता आणि त्यांच्यातही कोणाची तरी आई असणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. म्हणूनच मी त्यांना अडवू शकले नाही, आणि तेवढ्यासाठी मी स्वतःचा तिरस्कार केला.

संध्याकाळी आईचा फोन आला. सड्यावर चढायला तिला सगळी दुपार लागली होती.

‘आता दिसतो काय गो आमी तुमच्या मशीनला?’

‘दिसता, आये. सगळे सदतीस.’

‘मंग यंदा धूर नाय येनार.’

मी खोटं बोलणार होते. तोंडाशी आलं होतं. मग मी तिला नऊ हजारांचं सांगितलं, शाळेचं सांगितलं, गाडीचं सांगितलं. ती ऐकत होती. मधे खोकली, थांबली, पुन्हा ऐकायला लागली.

‘म्हंजे आदी चुकून येत हुता,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘नि आता बघून.’

मग ती म्हणाली की आता मी वर यायची नाय बाय, फोनला नाय नि तुमच्या शाळेत बी नाय, सगळ्यांना ठावं हाय ना मी हितं हाय ती. आवाजात राग नव्हता. मी आये, आये म्हणत राहिले, पण तिनं फोन कानाचा काढला होता. पिशवी खिळ्याला टांगल्याचं मला ऐकू आलं. फोन बंद करायचं ती नेहमीच विसरते. बराच वेळ सड्यावरचा वारा ऐकू येत होता, आणि त्यात तिचा खोकला, पायवाटेनं खाली खाली जाणारा.